मागे नेलेली तारीख

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यावरच्या एका इमारतीच्या जिन्याखाली साईनाथ केणेचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते त्याला बरं वाटावं म्हणून. खरं तर ती शटर लावलेली एक खोबण, आणि आत निकामी कॉम्प्युटरांची अशी रास की गिऱ्हाइकाला रस्त्यावर उभं राहूनच बोलावं लागतं. पाटीवर 'नवे-जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलंय. त्यातलं 'नवे' नुसतं शोभेला. नवा कॉम्प्युटर घेऊन तिकडे कोणी फिरकत नाही. साईनाथकडे येतं ते बाकी सगळ्यांनी हात टेकलेलं.

कल्याणच्या एका जोशीबुवांचा पत्रिका काढायचा प्रोग्रॅम फक्त जुन्या विंडोजवर चालतो. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये भरतकामाचं एक मशीन आहे, त्याला नवी विंडोज दाखवली की ते रुसून बसतं. अशा सगळ्यांचा वाली साईनाथ. त्याच्याकडे बापाची एक पत्र्याची पेटी होती, आणि त्या पेटीत एक्सपीपासून मागच्या सगळ्या विंडोजच्या सीड्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेल्या. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत हा म्हणायचा, "होऊन जाईल." नाही हा शब्द त्याला येतच नव्हता. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला एवढा एक शब्द यायला हवा होता, पण नव्हता येत.

त्याची खास विद्या म्हणजे तारीख. जुन्या प्रोग्रॅमांना कुलूप असतं. अमुक सालापर्यंत चालेल, पुढे कंपनीला विचारा. आणि कंपनी तर कधीच गाशा गुंडाळून गेलेली. मग साईनाथ कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायचा. साधीसुधी नव्हे, थेट प्रोग्रॅमच्या जन्मसालापर्यंत. तिथे गेलं की कुठलंही कुलूप उघडतं, हा त्याचा सिद्धांत. प्रोग्रॅमला वाटतं आपण आत्ताच जन्मलोय, सगळं आयुष्य पुढे पडलंय, आणि तो मुकाट चालू लागतो. जोशीबुवांनी गंमतीने त्याचं नाव काळाचा डॉक्टर ठेवलं होतं. साईनाथला ते इतकं आवडलं की तो स्वतःच ते दुसऱ्यांना सांगत सुटायचा.

आणखी एक सवय होती. काम झालं की सगळ्याची एक नक्कल सीडीवर काढायची, तिच्यावर जाड मार्करने तारीख लिहायची, आणि ती कॅबिनेटच्या आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवून ठेवायची. पुन्हा मशीन बसलं तर कोणीही ही सीडी घालावी, ही तारीख द्यावी, काम सुरू. गिऱ्हाईक अडून राहावं असं त्याला कधी वाटलं नाही. बाजारात असा भला माणूस सापडायचा नाही. पुढे जे झालं ते या भलेपणानेच झालं, म्हणून आधी सांगून ठेवलं.

आता त्याच्या आईचं घर. साईनाथ बायकोबरोबर, मेघनाबरोबर, स्टेशनकडच्या फ्लॅटमध्ये राहतो. पण आई रखमाबाई अजून जुन्या गावठाणातच. तिथे पूर्वी भातखाचरं होती. ती इंडस्ट्रीला गेली, कारखाने आले, आणि साईनाथचा बाप धाकू स्वतःच्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या रंगाच्या कारखान्यात वॉचमन म्हणून लागला. गावठाणाची शेवटची गल्ली आणि तो कारखाना यांच्यात एक भिंत. रखमाबाईचं घर त्या भिंतीला लागून. परसात उभं राहून हात लांब केला तर भिंतीला लागतो. त्या भिंतीवर ती सुकट वाळत घालते.

भिंतीपलीकडे बारा महिने एक मोठं भांडं शिजत असतं. रिअ‍ॅक्टर म्हणतात त्याला. आत काय शिजतं ते गल्लीतल्या कोणाला कळत नाही, पण एक गोष्ट पोरासोरांना पाठ आहे. भांडं जास्त तापलं की भोंगा वाजतो. आतली माणसं थंड पाणी सोडतात, भांडं निवतं, भोंगा गप्प होतो. गप्प झाला की आपण आपल्या कामाला लागायचं. पण तो गप्प झालाच नाही, वाजतच राहिला, तर हातातलं टाकून मोठ्या रस्त्याकडे पळायचं. कारखान्याच्या माणसांनी एकदा सगळ्यांना मारुतीच्या देवळापुढे बसवून हे सांगितलं होतं, आणि वर चहा पाजला होता.

लहानपणी साईनाथला त्या भोंग्याची नक्कल हुबेहूब यायची. पोटातून सुरू करून नाकात चढवत नेलेला तो लांबलचक आवाज. एकदा सुट्टीत त्याने तो इतका लांबवला की अर्धी गल्ली ताटावरून उठून पळाली. धाकूने त्या दिवशी त्याला कारखान्याच्या गेटसमोर चपलेने बडवला. "भोंग्याची थट्टा करतस?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पुन्हा साईनाथने तो आवाज काढला नाही.

रखमाबाईला त्या भोंग्याचा मनस्वी राग. आठवड्यातून एकदोनदा तरी तो बोंबलायचाच. जेवताना, पूजा करताना, जरा डोळा लागला की. "तू एवरी मशिनी नीट करतस," ती लेकाला म्हणायची, "यो एक भोंगा मना गप करून दे." साईनाथ हसायचा. म्हणायचा, होऊन जाईल.

त्या भोंग्याला कॉम्प्युटर जोडलेला होता. पूर्वी माणूस बघून बटण दाबायचा, मग नव्व्याण्णव साली सामंतसाहेबांनी यंत्रणा बसवली. गुरुदत्त सामंत, तळकोकणातले, शिकलेले इंजिनीअर. भांड्यात तापमान मोजणारी एक धातूची कांडी, तिला ते प्रोब म्हणायचे. त्या कांडीतून निघालेली वायर कॉम्प्युटरमधल्या एका कार्डात. पडद्यावर आकडा. आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की भोंगा आपोआप. विंडोज नाइन्टी एट. इतकी वर्षं तेच चाललं होतं आणि कोणी त्याला हात लावला नव्हता, कारण चालत्याला हात लावायचा नाही हा तिथला कायदा.

बंद व्हायचं ते वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी भांडं रिकामं करायचे, धुवायचे, सगळी यंत्रं बंद ठेवून हळदकुंकू वाहायचे. कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार. आणि दरवर्षी त्याच दिवशी सामंतसाहेब यायचे. पूजा आटपली की रिकाम्या भांड्याकडे जाऊन तास-दोन तास काहीतरी करत बसायचे, मग कॉम्प्युटरमध्ये काही आकडे भरायचे, प्रसाद खायचे आणि निघून जायचे. दसऱ्याला यंत्रं पुन्हा चालू. साहेब पूजेला येतात, भाविक माणूस आहे, असाच सगळ्यांचा समज होता.

या वर्षी साहेब आले नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. यंत्रं बंद झाली, हार चढले, नारळ फुटला. आणि दसऱ्याच्या सकाळी कॉम्प्युटर चालू करायला गेले तर आतून कट-कट असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. म्हातारी हार्ड डिस्क एकदा निजली ती उठलीच नाही.

प्लांट मॅनेजर राकेश स्वतः साईनाथच्या खोबणीपुढे येऊन उभा राहिला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर अजून कालचं कुंकू. "साईनाथभाऊ, तुम्हीच वाचवा आता. नवीन सिस्टिम बसवायला चार महिने लागतील बोलतायत. दिवाळीची ऑर्डर डोक्यावर आहे. कॉम्प्युटरशिवाय बॉयलरची वाफ भांड्यात सोडता येत नाही, इंटरलॉक आहे."

साईनाथची छाती फुगली. ज्या गेटसमोर त्याने बापाच्या चपला खाल्ल्या, त्याच गेटातून त्याला सलाम ठोकून आत घेतलं. पेटी उघडली. एक्सपी घातली, कार्ड ओळखीनाच. टू थाउजंड घातली, तरी नाही. त्या कार्डाला नाइन्टी एटच हवी होती, आणि साईनाथच्या पेटीतल्या नाइन्टी एटला बुरशी लागून तिची चाळण झालेली. कल्याणला विचारलं, वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्यांना फोन केले. लोक हसले. इतकं जुनं आता कोण ठेवतं? शेवटी राकेशच म्हणाला, "सामंतसरांकडे असेल. टिटवाळ्याला असतात."

टिटवाळ्याला एका नव्या टॉवरमध्ये, अजून रंगाचा वास जायचा होता अशा फ्लॅटमध्ये, सामंतसाहेब पाय लांब करून बसले होते. साईनाथला त्यांनी ओळखलं. "धाकूचा मुलगा ना तू? ये. बस." कपाटातून त्यांनी सीडी काढायला लावली. नाइन्टी एट, आणि तिच्यासोबत त्यांच्या प्रोग्रॅमची सीडी. दोन्ही स्वच्छ, एक ओरखडा नाही. साईनाथने आधी शर्टाला हात पुसले, मगच त्या धरल्या.

"विंडोज घाल, प्रोग्रॅम घाल," सामंतसाहेब म्हणाले. "पण चालू करू नकोस. त्याला कुलूप आहे, दर नवरात्रात ते पडतं. ते मी येऊन उघडेन. तुळशीच्या लग्नापर्यंत मला चालता येईल असं डॉक्टर म्हणतात. तोवर भांडं बंद ठेवायला सांग राकेशला."

"तुम्ही फोनवर नंबर सांगितलात तर मी उघडतो की, सर."

"फोनवर होत नाही ते. मला तिथे यावं लागतं."

का यावं लागतं, हे साईनाथने विचारलं नाही. इथे एक प्रश्न विचारायचा होता, फक्त एक. पण त्याच्या मनात भलतंच आलं. म्हाताऱ्याला आपलं महत्त्व सोडवत नाही, असं त्याला वाटलं. जन्मभर अशी कुलपं घालणारे त्याने बघितले होते. कुलूप घालायचं ते लोकांनी पाया पडत यावं म्हणून. त्याने मान डोलावली, सीड्या पिशवीत घातल्या, साहेबांना वाकून नमस्कार केला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात विंडोज बसली. कार्ड ओळखलं. प्रोग्रॅम उघडला आणि पडद्यावर कुलपाची लाल चौकट आली. राकेश मागे उभा. ऑपरेटर उभे. साईनाथने सांगितलं, सामंतसाहेब येईपर्यंत थांबायचंय. राकेशचा चेहरा पडला. "म्हणजे नाही होणार?"

हा प्रश्न साईनाथला आजवर कोणी विचारला नव्हता. मग त्याने तारीख उघडली आणि साल नव्व्याण्णववर नेलं.

चौकट गेली. आकडा आला. शांत, हिरवा आकडा. ऑपरेटरांनी टाळ्या वाजवल्या, राकेशने त्याला मिठीच मारली आणि पेढे मागवले. साईनाथने नेहमीप्रमाणे सगळ्याची नक्कल काढली, सीडीवर मार्करने तारीख घातली, कॅबिनेटच्या आत चिकटवली आणि राकेशला दाखवली. "पुन्हा कधी बसला तर ही घाला, ही तारीख द्या. मला बोलवायची पण गरज नाही."

त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळं दोनदा सांगितलं. आज बाबा असायला हवे होते, म्हणाला.

दिवाळी आली. पहिल्या आंघोळीच्या दिवशी साईनाथ फराळ घेऊन आईकडे गेला. रखमाबाईने अंगणात रांगोळीचा कणा घातला होता, परसात पणती ठेवली होती. लेकाला बघून तिचा चेहरा असा काही फुलला की तो विचारायलाच लागला, काय झालं एवढं.

"तुझा उपकार झाला रं पोरा," ती म्हणाली. "तू मशीन नीट केलास तवापासून भोंगा वाजला नाय. येक दिस नाय. सगली गल्ली तुझा नाव घेतं. मी पन दुपारची निजतंय आथा."

साईनाथ हसला. चकलीचा तुकडा तोंडात टाकला. आणि तो चावता चावता थांबला.

आठवड्यातून एकदोनदा वाजणारा भोंगा, दसऱ्यापासून एकदाही नाही. भांडं तेच, माल तोच, माणसं तीच. उलट दिवाळीच्या घाईत काम दुप्पट. मग भांडं तापायचं कसं थांबलं?

"आये," त्याने विचारलं, "बाकी काय बदल वाटतो का गं?"

"वास येतं येगला. आधी आंबूस यायचा. आथा करपल्यावानी येतं." तिने सहज परसाकडे हात केला. "नि भित कोमट लागतं. सुकट लवकर वालतं, बरा हाय."

तो उठून परसात गेला आणि भिंतीला हात लावला. सकाळची वेळ, थंडी पडू लागलेली, ऊन अजून त्या बाजूला आलेलं नव्हतं. भिंत अंगात ताप असलेल्या माणसासारखी लागली. त्याने हात काढून घेतला.

तिथूनच त्याने सामंतसाहेबांना फोन लावला. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन साहेब म्हणाले, तुळशीच्या लग्नाला नक्की येतो. साईनाथ मध्येच म्हणाला, "सर, चालू केलंय ते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच. मी तारीख मागे नेली."

"किती मागे?" साहेबांनी विचारलं.

"नव्व्याण्णव."

"अरे देवा," सामंतसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "साईनाथ, तो प्रोब पंचवीस वर्षं ॲसिडच्या वाफेत उभा आहे. नवा त्या कार्डाला जुळत नाही, म्हणून तोच वापरतोय. तो दरवर्षी खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतो. मी खंडेनवमीला येऊन काय करत होतो? भांडं रिकामं असतं, प्रोब उकळत्या पाण्यात धरायचो, माझ्या थर्मामीटरशी ताडून बघायचो, आणि जेवढं कमी दाखवतो तेवढं त्यात मिळव असं प्रोग्रॅमला सांगायचो. त्या त्या सालाचा फरक त्या त्या सालापुढे, आणि दरवर्षी सीडीही नवी. कुलूप त्यासाठीच घातलंय, ताडून बघितल्याशिवाय कोणी चालवू नये म्हणून. तू त्याला नव्व्याण्णव सांगितलंस. त्याला वाटतंय प्रोब नवा कोरा आहे. तो काहीच मिळवत नाहीये."

"म्हणजे पडद्यावरचा आकडा..."

"खोटा आहे. भांडं केव्हाच रेषेच्या वर गेलेलं असेल. रोज जात असेल. आजवर निभावलं हे तुमचं नशीब. आधी ते बंद कर."

साईनाथ अनवाणीच पळाला. गेटवर पेढ्यांची ओळख होती, कोणी अडवलं नाही. कंट्रोल रूममध्ये पडद्यावर तोच हिरवा, शांत आकडा. त्या आकड्याचीच त्याला भीती वाटली. राकेश लाडू खात बसला होता. साईनाथने त्याला सगळं सांगितलं, धापा टाकत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत. राकेश ऐकत गेला तसा त्याचा लाडू हातातच राहिला. त्याने ऑपरेटरला थंड पाणी सोडायला लावलं, वाफ बंद केली, भांडं निवेपर्यंत दोघेही तिथेच उभे राहिले.

मग साईनाथने कॅबिनेट उघडलं, हार्ड डिस्क उपटून काढली आणि पिशवीत टाकली. आयुष्यात पहिल्यांदा तो चालतं मशीन बंद करून निघाला होता. "आता सामंतसर आल्याशिवाय नाही," तो म्हणाला. "माझी आई राहते भिंतीला लागून. हात जोडतो, राकेशसाहेब."

"अरे, असं काय करता भाऊ. माणसांच्या जिवापुढे ऑर्डर काय?" राकेश म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे मलाही मान्य करावं लागतं. वाईट माणूस नव्हता तो. पण वरून फोन आला की मन बदलायला अशा माणसाला फार वेळ लागत नाही.

साईनाथला हलकं वाटलं. आईला त्याने काही सांगितलं नाही, उगाच घाबरायची. दुकानात जाऊन त्याने ती डिस्क बापाच्या पेटीत तळाशी ठेवली. पाडवा झाला, भाऊबीज झाली. बहिणीने ओवाळलं तेव्हा तो ओवाळणी घालायलाच विसरला. तिने विचारलं, दादा, तब्येत बरी आहे ना?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईकडे तिची बीपीची गोळी द्यायला गेला. गल्ली नुकती जागी झाली होती. सखुबाई, शेजारची, दारात पाणी मारत होती. पोरं काल उरलेले फटाके शोधत होती. साईनाथ आईच्या दारात आला आणि जागीच थबकला.

करपल्याचा वास होता. साधा नाही, घशात बसणारा, तव्यावर काहीतरी जळून कोळसा झालंय आणि तरी कोणी गॅस बंद केला नाही असा. परसातल्या भिंतीवरची सुकट चॉकलेटी पडून वाकडी झाली होती. त्याने भिंतीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. भिंतीपलीकडे, जमिनीच्या पोटातून, धडधड ऐकू येत होती.

कसं शक्य आहे? डिस्क तर पेटीत आहे. त्याने राकेशला फोन लावला. रिंग वाजत राहिली. आणि ती वाजत असतानाच त्याला ती सीडी दिसली. डोळ्यांपुढे, स्वच्छ. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, सेलोटेपने चारी कोपरे नीट चिकटवलेली, वर त्याच्याच अक्षरात जाड मार्करने लिहिलेली नव्व्याण्णवची तारीख. डिस्क त्याने काढून आणली होती. सीडी आणायला तो विसरला होता. दुसरी जुनी डिस्क भंगारात कुठेही मिळते. मला बोलवायची पण गरज नाही, हेही त्याचेच शब्द.

"आये, चल. ऊठ. बाहेर चल."

रखमाबाई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर करून कारण विचारलं. "कला?"

"भांडं फुटेल आता. चल लवकर."

"भोंगा कवा वाजला?" तिने शांतपणे विचारलं. "भोंगा वाजला नाय तवर काय नाय व्हत. तुझा बापूस सांगून गेलाय. चाय घे आधी."

त्याने तिचा हात धरून ओढलं तर ती चिडली. तो बाहेर पळाला, सखुबाईला ओरडून सांगितलं, शेजारची दारं बडवली. लोक बाहेर आले, आधी कारखान्याच्या चिमणीकडे आणि मग त्याच्याकडे बघायला लागले. कोणी जांभई देत होतं. एकाने विचारलं, "भोंगा झाला काय रं?" दुसरा हसत म्हणाला, "यानेच तर गप केला." सगळे कान देऊन उभे राहिले. भोंगा नव्हता. सगळ्यांचे खांदे सैल पडले. भिंतीपलीकडची धडधड वाढत होती आणि लोक घरात परतायला लागले होते.

त्यांना कसं सांगायचं? प्रोब, तारीख, फरक, यातलं काय आणि किती वेळात सांगणार? या गल्लीला एकच भाषा कळत होती आणि ती त्यानेच बंद केली होती.

साईनाथ भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पाठ भाजत होती. त्याने दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली, डोळे मिटले आणि पोटातून तो आवाज काढला. इतक्या वर्षांनी तो जसाच्या तसा आला. आधी खोल, मग चढत, मग नाकात, लांबलचक. सखुबाईच्या हातातली बादली पडली. एक बाई पोराला काखेत मारून पळाली. तिच्यामागे दुसरी. आवाज कुठून येतोय हे बघायला कोणी थांबलं नाही. हाडात मुरलेली भीती ती, पायांना आपोआप घेऊन गेली. गल्ली मोठ्या रस्त्याकडे वाहायला लागली.

रखमाबाईही बाहेर आली, पदराने तोंड झाकून, चुलीजवळचा चहाचा टोप हातात तसाच. गल्लीच्या तोंडाशी पोचून ती वळली आणि तिला लेक दिसला. भिंतीला पाठ लावलेला, गालफडं फुगलेली, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या.

"साईनाथ!" ती ओरडली. "आरं, ये ना तू पन!"

त्याला ऐकू आलं. श्वास संपला की तो हावऱ्यासारखा दुसरा घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा. घरांच्या मागच्या रांगेतून अजून माणसं निघत होती, दोन म्हातारे होते, एक बाळंतीण होती. आई हाका मारत होती आणि तो जागचा हलत नव्हता. भोंगा गप्प झाला की लोक आपापल्या घरी परततात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.